नवसाची बिडी

डॉक्टरीणबाईंनी रिपोर्टचा कागद हातातच ठेवला आणि आधी माझ्याकडे पाहिलं. "आजी, तुम्ही थोडा वेळ बाहेर बसता का?" मी गुडघ्यावर हात टेकून उठायला लागले, तर स्वप्नीलनं माझा पदर धरला. माझा हा नातू तिशी ओलांडलेला, ट्रॅक्टर चालवणारा, वर्ध्याच्या भाजीबाजारात अडत्यांशी भांडणारा, आणि तिथं बसला पदर धरून.

"राहू द्या तिले," तो म्हणाला. "तिनंच आणलं मले इथं."

त्याच्या पलीकडे त्याची बायको अश्विनी बसली होती. तिनं ना त्याच्याकडे पाहिलं ना माझ्याकडे. ती टेबलाच्या काचेकडे बघत होती.

मग बाईंनी सांगितलं. तपासणीचं नाव सीमेन अ‍ॅनालिसिस, म्हणजे पुरुषाच्या वीर्याची तपासणी. त्यात मुख्य तीन गोष्टी बघतात. शुक्राणू किती आहेत, तो काउंट. ते पुढं सरकतात की जागीच घुटमळतात, ती मोटिलिटी. आणि त्यांची घडण नीट आहे का, ती मॉर्फोलॉजी. स्वप्नीलच्या तिन्ही गोष्टी कमी होत्या. अश्विनीच्या सगळ्या तपासण्या चांगल्या होत्या. बाई म्हणाल्या, "हिच्याकडून काही अडचण दिसत नाही," आणि हे वाक्य त्यांनी दोनदा म्हटलं. दुसऱ्यांदा माझ्याकडे बघून.

मला खुर्चीखाली जावंसं वाटलं. नातवात कमी निघालं याची लाज नव्हती ती. तिथं बसल्या बसल्या मला अश्विनीला पाजलेले काढे आठवले.

ज्यांच्या घरात लग्नाला दोन-चार वर्षं होऊन पाळणा हलला नाही आणि ज्यांच्या घरात कुणी ना कुणी धूर काढतं, त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. दोघांना विचारून लिहिते. अश्विनी म्हणाली, खरं ते लिहा. स्वप्नील म्हणाला, लिही, पण मले हिरो नको करू. म्हटलं, बाबू, तुला हिरो करायला मला अख्खी वेगळी गोष्ट रचावी लागेल.

आमचं गाव पवनारजवळ, धाम नदीच्या काठाला. वांगी, टमाटर, मेथी, सांभार म्हणजे कोथिंबीर, असा भाजीपाला पिकवायचा आणि वर्ध्याच्या बाजारात न्यायचा, हा आमचा धंदा. माझा मुलगा वारला तेव्हापासून घरात मी, माझी सून शोभा, नातू स्वप्नील आणि चार वर्षांपूर्वी आलेली नातसून अश्विनी. ती नाचणगावची.

तिला मागणी घालायला गेलो तेव्हा मीच छाती काढून सांगितलं होतं, "आमचा पोट्टा निर्व्यसनी आहे. खर्रा खात नाई." आमच्याकडे हे फार मोठं प्रमाणपत्र. चौकाचौकात तंबाखू-सुपारी प्लास्टिकच्या पन्नीवर घासून खर्रा देणारे बसलेले असतात आणि दहावीतली पोरं गालात कोंबून फिरतात. त्यात आमचा जिल्हा दारूबंदीचा. दारू नाही, खर्रा नाही, म्हणजे पोरगा धुतल्या तांदळासारखा. तो बिडी-सिगारेट ओढतो हे त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. लपवलं म्हणाल तर लपवलंही नाही. बिडीला मी व्यसन समजतच नव्हते. समजणार कशी, मी स्वतःच ओढत होते.

ती कथाही सांगून टाकते. मी सोळाव्या वर्षी या घरात सून म्हणून आले. सासरे ओसरीवर बसलेले असत. आम्ही त्यांना मामाजी म्हणत असू. तिथूनच आवाज द्यायचे, "सूनबाई, बिडी लावून आण." काडेपेटी महाग म्हणून नव्हे, रीतच ती. चुलीतल्या निखाऱ्यावर बिडी टेकवायची आणि न्यायची. पण बिडी मोठी नखरेल बाई. नुसती टेकवली तर स्वयंपाकघराच्या दारापर्यंत विझते. दोन दम ओढले तरच धगते. मग काय, मी ओढायची. चुलीकडे तोंड, पाठीवर पदर, कुणाला दिसतंय?

त्या वेळची ती पंचफुला, म्हणजे मी, स्वतःला काय समजत होती विचारू नका. मामाजी चारचौघांत म्हणायचे, "आमच्या सुनेच्या हातची बिडी इझत नाई." आणि ही बया आत चुलीपाशी फुलून जायची. शाळेत हिला कधी शाबासकी मिळाली नव्हती, ती बिडीत मिळाली. पुढं दोन दमांचे चार झाले. मग मामाजींसाठी एक आणि बाईसाठी एक. नंदांना ही बढाई मारायची की धुरानं पोटातला गॅस जातो. अशी ही पंडिता.

लग्नानंतर माझी दोन गर्भारपणं अर्ध्यातच गेली. तिसऱ्या खेपेला मुलगा झाला. मग चाळिशीच्या आतच पाळी गेली. बायकांनी विचारलं तर मी ऐटीत सांगायची, सुटले बाई, आता लोणच्याला हात लावायला मोकळी. कशामुळं झालं हे माझ्या मनाला शिवलं नाही. असल्या डोक्याच्या बाईनं पुढं नातसुनेवर इलाज केले.

अश्विनीच्या लग्नाला दोन वर्षं झाली आणि मी सुरू झाले. आधी थट्टा. मग टोमणे. मग वैदू. सेलूकडच्या एका बाईचा काढा तिला पाजला, तिला त्यानं जुलाब लागले. शोभा म्हणाली, आत्याबाई, पुरे करा. मी म्हटलं, उष्णता बाहेर पडून राह्यली. मग दवाखाने. रक्त तपासलं, थायरॉईड तपासलं, सोनोग्राफी झाली. एकदा एचएसजी केलं. त्यात गर्भाशयात औषध सोडून फोटो काढतात आणि नळ्या मोकळ्या आहेत का बघतात. दुखतं ते. ती पोट धरून एसटीनं घरी आली आणि संध्याकाळी माझ्यासाठी भाकरी टाकायला बसली. नळ्या मोकळ्या होत्या. मी म्हटलं, मशीन चुकली असेल.

प्रत्येक डॉक्टरनं सांगितलं होतं की नवऱ्याचीही तपासणी करा. दर वेळी मी म्हणायची, "त्याले काय धाड भरली? घोड्यासारखा आहे." घोड्याची तपासणी आमच्या घरात कुणी केली नव्हती.

आणि मग मी नवस केला.

आमच्या गावापासून दोन गावं सोडून शेतात एक समाधी आहे. नाव नाही लिहीत. त्या बाबांचा यात काही दोष नाही. ते हयात असताना बिडी ओढत, म्हणून लोक तिथं उदबत्तीऐवजी बिडी लावतात. राखेच्या ढिगात पेटत्या बिड्या उभ्या असतात, आणि एक बिडी प्रसाद म्हणून ओढून यायची. मूल व्हावं म्हणून जोडप्यानं दर गुरुवारी जायचं आणि एकाच बिडीचा धूर दोघांनी घ्यायचा, अशी तिथली रीत. कुणी काढली माहीत नाही. मला मात्र फार पटली. माझ्या आवडीचा देव सापडला असंच म्हणा ना.

पहिल्या गुरुवारी मी दोघांना घेऊन गेले. अश्विनी धुरानं खोकून खोकून लाल झाली. डोळ्यांतून पाणी. मी तिच्या पाठीवर हात फिरवत म्हटलं, "प्रसादाले तोंड वाकडं नाई करत, बाई." आणि बिडी कुणी लावून दिली? मीच. दोन दम मारून. माझ्या हातची विझत नाही ना.

असं वर्षभर चाललं.

नातवाचं दुखणं मला कळलं ते मुळे धुताना. सकाळी हौदावर मी आणि तो मुळ्याच्या जुड्या धूत होतो. अश्विनी दोन दिवस त्याच्याशी बोलत नव्हती. मी माझ्या सवयीनं थट्टा केली, "काऊन रे, बायको रुसली का? रात्री घोरत असशील." आजी-नातवाच्या थट्टेला आमच्याकडे कुंपण नसतं. तो एरवी उलट बोलतो. त्या दिवशी मुळा हातात धरून तसाच बसला.

"आजी, मले जमून नाई राह्यलं."

"काय नाई जमून राह्यलं?"

"ते."

मला कळायला वेळ लागला. मग कळलं. किती दिवसांपासून, विचारलं. तो म्हणाला, वर्ष-दीड वर्षापासून कधी जमते, कधी नाही, आणि आता तर तो जवळच जात नाही. गेलं आणि जमलं नाही तर काय, या भीतीनं. गच्चीवर झोपतो. घरात सांगतो उकडते.

"आणि अश्विनी?"

"तिले वाटते मले ती आवडत नाई. तुम्ही लोक तिले वांझ म्हणता, म्हणून मीही दूर पळतो, असं वाटते तिले." मग तो म्हणाला, "दर गुरुवारी आपण लेकरासाठी जातो. आणि इकडं हे असं. मले हसू येते कधीकधी."

त्याला हसू येत नव्हतं. तो रडत होता. मी हौदाच्या पाण्यात हात घालून बसले. आयुष्यात पहिल्यांदा मला विनोद सुचला नाही.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघांना घेऊन वर्ध्याला गेले. शोभाला सांगितलं, गुडघा दाखवायचा आहे.

वेटिंगमध्ये बायकाच बायका. प्रत्येकीसोबत सासू किंवा आई. नवरे बाहेर पानठेल्यावर. आमचा तेवढा आत बसलेला, मान खाली. नर्सनं छोटी डबी दिली आणि कोपऱ्यातली खोली दाखवली. त्याआधी बाईंनी विचारलं होतं, नमुना देण्याआधी दोन-तीन दिवस संबंध ठेवायचे नाहीत, तसं झालंय ना? अश्विनी पटकन म्हणाली, "त्याची काही अडचण नाई, मॅडम." फार हळू म्हणाली. मला ऐकू आलं.

आणि मग तो रिपोर्ट, जिथून मी सुरुवात केली.

बाईंनी स्वप्नीलला विचारलं, किती ओढता? तो म्हणाला, शेतात बिडी, वर्ध्याला आलो की सिगारेट, बंडल कधी संपतं कळत नाही. मग दुसरंही विचारलं. त्या दुखण्याचं नाव इरेक्टाइल डिसफंक्शन. म्हणजे मनात असूनही संबंधाच्या वेळी शरीराला ताठरता येत नाही किंवा टिकत नाही. त्या म्हणाल्या, "ताठरता येते ती रक्त भरल्यामुळं. तिथल्या रक्तवाहिन्या फार बारीक असतात. धुरानं त्या आखडतात. हृदयाच्या वाहिन्या त्याहून मोठ्या, त्यांचा त्रास उशिरा कळतो. म्हणून हा इशारा समजा आणि बरं झालं आत्ता कळला समजा."

मी बोलून गेले, "म्हणजे आमच्या ठिबकासारखं." आमच्या विहिरीचं पाणी खारं. ठिबकच्या नळीच्या बारीक भोकांत क्षार बसतो. मोटर जोरात चालते, पण शेवटच्या वांग्याला थेंब मिळत नाही. बाई हसल्या, म्हणाल्या, अगदी तसंच. स्वप्नील कानापर्यंत लाल झाला.

बाईंनी हेही स्पष्ट सांगितलं की मूल न होण्याला तंबाखू हेच एक कारण असतं असं नाही. पण त्याच्या बाकी तपासण्या ठीक होत्या आणि धूर भरपूर. "सुरुवात तिथून करू. पूर्ण बंद. नवीन शुक्राणू तयार व्हायला अडीच-तीन महिने जातात, म्हणून आज सोडली तरी फरक तेव्हा दिसेल. कमी करू नका, बंद करा."

स्वप्नीलनं मनावर घेतलं. खिशात बडीशेप आली, फुटाणे आले. चिडचिड एवढी की बैलही त्याच्यापासून दूर उभे राहायचे. पण त्याला शेतात बिडीशिवाय बघून मला बरं वाटायचं.

फक्त गुरुवारी आम्ही जात होतो.

खरं सांगते, त्यात काही चुकतंय असं माझ्या मनात आलं नाही. डॉक्टरनं बिडी बंद सांगितली होती. हा तर प्रसाद. उपासाला साबुदाणा चालतो तसं ते माझ्या डोक्यात वेगळ्या फडताळात होतं. स्वप्नील एकदा म्हणाला, आजी, हे राहू दे ना. मी म्हटलं, अर्ध्यात सोडलेला नवस अंगावर येतो. इतकी मोठी आज्ञा दिल्यावर तो काय बोलणार. आणि गुरुवारची बिडी शुक्रवारी पुन्हा मागायची, शनिवारी जास्तच मागायची. तो मोटरघरामागं जाऊन ओढायचा. हे मला नंतर कळलं.

तीन महिन्यांनी दुसरा रिपोर्ट आला. काही फरक नव्हता.

बाईंनी चष्मा काढला. "बंद केली होती ना?"

स्वप्नीलनं माझ्याकडे पाहिलं. मी पदर सारखा केला. 

अश्विनी बोलली. "गुरुवारी ओढतात, मॅडम. आणि मी बी ओढते."

बाईंचा हात लिहिता लिहिता थांबला. "तुम्ही?"

"नवस आहे. लेकरू व्हावं म्हणून." आणि मग तिनं सगळं सांगितलं. समाधी, राख, एकाच बिडीचा धूर. तिच्या आवाजात तक्रार नव्हती. बाजारात आज काय भाव मिळाला सांगावा तसं सांगत होती. "माह्या पोटात काही राहिलं असन तं तेव्हाच जळून गेलं असन, असं वाटते मले कधीकधी."

बाईंनी मला विचारलं, "आजी, घरात आणखी कोण ओढतं?"

माझ्या तोंडून निघालं, "मी ओढत नाई, फक्त लावून देते."

साठ वर्षं मी हेच वाक्य स्वतःला सांगत आले होते. त्या खोलीत ते पहिल्यांदा मोठ्यानं म्हटलं आणि माझ्याच कानाला ते इतकं खोटं लागलं की मी पुढं म्हटलं, "ओढते, बाई. रोज ओढते. ओसरीवर बसून. ही तिथंच भाजी निवडते."

त्या रागावल्या नाहीत. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी समजावून सांगितलं. बाईनं ओढली तर स्त्रीबीजांवर परिणाम होतो, गर्भ राहायला वेळ लागतो, राहिला तर पडण्याचा धोका वाढतो, पाळी लवकर जाऊ शकते. स्वतः न ओढता दुसऱ्याचा धूर छातीत गेला तरी तो लागतो. त्याला पॅसिव्ह स्मोकिंग म्हणतात. मी विचारलं, माझी ती दोन गेली, ती यानंच? त्या म्हणाल्या, "इतक्या वर्षांनी कारण सांगता येत नाही, आजी. ते नका धरून बसू. आत्ता जे हातात आहे ते बघा."

त्यांनी तेव्हा 'नाही' म्हणावं असं मला फार वाटत होतं.

दवाखान्यातून बसस्टँडवर आलो. अश्विनी म्हणाली, "मी नाचणगावले जाते." स्वप्नील म्हणाला, कपडे तरी घे. ती म्हणाली, "तिकडं आहेत." नाचणगावकडं जाणारी पुलगावची गाडी लागली होती. ती चढली. खिडकीत बसल्यावर तिनं मला वाकून नमस्कार केल्यासारखं केलं. घरी येईपर्यंत तो नमस्कार मला टोचत होता.

शोभाला सगळं सांगावं लागलं. ती रडली, मग घाबरली. "आत्याबाई, नवस तोडला आणि काही झालं तं?" मी म्हटलं, आणखी काय व्हायचं राह्यलं? दुसऱ्या दिवशी मी एकटी समाधीवर गेले. नारळ ठेवला. बाबांना म्हटलं, रागवायचं असेल तर माझ्यावर रागवा, माझी आता किती वर्षं राहिली? त्या पोरांच्या छातीत आता धूर नाही घालणार. एक जोडपं शेजारी बिडी लावत होतं. पोरगी अश्विनीच्याच वयाची. मी तिला बाजूला घेऊन सांगितलं ते सांगितलं. तिची सासू मला पिसाट म्हणाली. म्हणू दे. मीही म्हटलं असतं.

माझी बिडी मी तेव्हापासून बंद केली. लिहायला सोपं आहे. डोकं दुखायचं, पोट साफ व्हायचं नाही, चहा अळणी लागायचा. एकदा चुलीशी बसून नुसतीच विझकी काडी चोखत होते तर शोभानं हसून लोळण घेतली. या वयात कशाला सोडता, असं शेजारणी म्हणायच्या. पण मी ओढत बसले तर स्वप्नीलला कोणत्या तोंडानं सांगू? दोघं एकाच गाडीला जुंपलेले. त्याला तलफ आली की तो ओसरीवर यायचा, मला आली की मी वावरात जायची. दवाखान्यातल्या समुपदेशकाकडे तो जाऊ लागला. तिथं त्याला निकोटिनचे च्युइंगगम दिले. ते चघळले की बिडीची तलफ थोडी मावळते. मला मात्र ते रबर वाटलं.

पंधरवड्यानं आम्ही दोघं नाचणगावला गेलो.

अश्विनीच्या आईनं चहा ठेवला. बाप दारात उभा, आत येईना. चहा झाल्यावर विहीणबाईंनी नवं लुगडं, खण, नारळ काढला आणि माझ्या पदरात घातला. मग खाली बसली आणि पायांना हात लावून म्हणाली, "पोरगी तुमच्या पदरात टाकली होती. तिच्यात कमी निघाली, आमचं नशीब. पण तिले टाकू नका. दुसरी करायची असन तं करा, हिले बी राहू द्या."

अश्विनीनं आईला काही सांगितलंच नव्हतं. पंधरा दिवस ती माहेरी बसून आमच्या पोराची अब्रू झाकत होती, आणि गल्ली तिच्याकडे वांझ म्हणून बघत होती.

मी तोंड उघडणार, तेवढ्यात स्वप्नील बोलला. मला वाटलं नव्हतं तो बोलेल. "मामी, कमी माह्यात आहे. रिपोर्ट आहे. बिडीनं झालं. तिचं सगळं चांगलं आहे."

दारातला बाप मान फिरवून त्याच्याकडे बघत राहिला.

मी म्हटलं, "आणि बिडी म्या लावून देली. दोघायले."

 विहीणबाईनं माझ्या पदरातला नारळ उचलला आणि अश्विनीच्या ओटीत घातला. खणही घेतला. लुगडं मात्र माझ्याकडेच राहू दिलं, तेवढा मान ठेवला.

मला वाटलं आता पोरगी पिशवी भरेल. ती म्हणाली, "आज नाई येत. आधी सोडून दाखवा. तुम्ही बी, आजी." मी म्हटलं, सोडली. तिनं माझ्या जवळ येऊन तोंडाचा वास घेतला. भर माणसांत. अंगठ्याएवढी झाले मी. "बघू," ती म्हणाली.

ती आली ते तूर कापणीला आली तेव्हा. स्वप्नील रोज फोन करायचा. काय बोलायचे माहीत नाही, पण गच्चीवरून नाही, अंगणात फिरत फिरत बोलायचा आणि हसायचा. आल्यावर दोघं बाईंकडे गेले. मला बाहेर बसवलं. मी बसले मुकाट.

तिसऱ्या रिपोर्टात फरक होता. काउंट वाढला होता, शुक्राणू पुढं सरकत होते. भरपूर नाही, पण बाई म्हणाल्या, रस्ता बरोबर आहे. त्या दुसऱ्या दुखण्याबद्दल मी विचारलं नाही, आणि त्यांनी सांगितलं नाही. गच्चीवरची गादी खाली आली एवढं मी बघितलं आणि डोळे मिटून घेतले. पुढं काही महिने घरीच प्रयत्न करायचे. नाही जमलं तर आययूआय आहे. त्यात नवऱ्याचे चांगले शुक्राणू निवडून डॉक्टर गर्भाशयात सोडतात. ठरवणार ते दोघं. माझा सल्ला कुणी मागितला नाही, आणि तेच योग्य.

तुमच्या घरात अशी वेळ आली तर माझं एकच सांगणं. दोघांना सोबत तपासा. पोरीच्या आधी पोराला तपासा म्हणाल तरी चालेल, त्याची तपासणी सोपी आहे, दुखत नाही. आणि बिडीला प्रसाद म्हणा, गॅसचं औषध म्हणा, थंडीची ऊब म्हणा, धूर आत जाऊन तेच करतो. हे मला सत्तरी ओलांडल्यावर कळलं. तुम्ही एवढं थांबू नका.

मूल झालं का, असं विचाराल. अजून नाही. गावात लोक विचारतात, तर आता स्वप्नीलच सांगतो, "माह्यी ट्रीटमेंट चालू आहे." पहिल्यांदा सांगितलं तेव्हा पाराजवळचे लगेच कापसाच्या भावावर बोलू लागले. नंतर त्यातले दोघं त्याच्याकडून दवाखान्याचा पत्ता घेऊन गेले, अंधार पडल्यावर, वेगवेगळे.

परवा वांगी तोडताना अश्विनीनं मला विचारलं, "आजी, समजा नाईच झालं तं?"

मी या पोरीला दोन वर्षं काय काय ऐकवलं, आणि ती माझ्याकडेच हे विचारत होती. माझे डोळे भरून आले. पण रडले असते तर तिलाच माझी समजूत काढावी लागली असती. म्हटलं, "नाई झालं तं मी आहे नं. दात नाईत, चालता येत नाई, दिवसभर कुरकुर करते. मलेच घे मांडीवर."

ती वांगी टोपल्यात टाकत म्हणाली, "आता घेईन. आधी लई वास यायचा."